इवायांचे भुंगे

माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा ते आमच्या विहिरीवर होते आणि त्यांच्या डोक्याला साबण लावलेला होता.

झालं असं, की वऱ्हाड अंबडकडून निघालं आणि वाटेत ट्रकचं चाक पंक्चर झालं. माझं माहेर भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या शेजारी. वऱ्हाड पोचलं तेव्हा धुरळ्यानं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मामा, म्हणजे माझे सासरे, कुणाला न सांगता अंघोळीला विहिरीवर गेले. आमच्याकडे लग्न मुहूर्तानंतर तास-दोन तासांनी लागतं हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. माझ्या वडलांना, दादांना, ते मान्य नव्हतं. त्यांचं सगळं घड्याळावर. काटा मुहूर्तावर आला आणि त्यांनी भटजींना सांगितलं, चालू करा. समोर फेटे बांधलेली एवढी माणसं उभी होती, त्यात इवाई असतीलच असं त्यांनी धरलं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मामा ओल्या धोतरानं धावत मंडपात आले तेव्हा बँड वाजत होता आणि लोक पंगतीला बसत होते.

मामा भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. मुकाट्यानं जेवले, सुनेला घेऊन गेले आणि त्यानंतर कैक वर्षं माझ्या माहेरी त्यांनी पाऊल टाकलं नाही. दादाही माझ्या सासरी आले नाहीत. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही जुनी रीत ते पाळायचे आणि ती पाळायला त्यांना आता चांगलंच कारण मिळालं होतं. आई यायची, भाऊ यायचा, मला मूल झालं तेव्हा सगळं गोत आलं. दादा तेवढे आले नाहीत. दोन्ही माणसं स्वभावानं चांगली. मला दोघांचाही राग यायचा नाही, फक्त हसू यायचं आणि ते दाबून ठेवावं लागायचं.

मामांची शेती अंबडपासून जवळच्या गावात, ओढ्याला लागून. नव्वदीतली ती वर्षं. त्या काळात ओढ्याच्या दोन्ही काठांना, बांधांवर, शाळेच्या मागं, जिथं बघाल तिथं गाजरगवत माजलं होतं. पानं गाजरासारखी, वर बारीक पांढरी फुलं. लांबून बघितलं तर कुणीतरी मुद्दाम पेरलंय असं वाटावं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. उपटावं तर पंधरवड्यात पुन्हा तेवढंच. मामांनी रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं, की हे गवत परदेशातून आलंय आणि त्याला खाणारा भुंगासुद्धा तिकडून आणलाय. पुढं तालुक्याला शेतकऱ्यांचा मेळावा झाला, तिथं कृषी खात्याच्या साहेबांनी ज्यांना पाहिजे त्यांना थोडे थोडे भुंगे वाटले. बाकीचे लोक बियाण्याच्या पुड्या घेऊन आले. मामा भुंगे घेऊन आले.

ते माझ्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत आले. बरणी मामांनी सकाळी न विचारता नेली होती. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एकेक भुंगा, मळकट पांढरा, पाठीवर काळपट रेघा. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बरणीत डोकावून बघितलं आणि विचारलं, की परदेशातून आणायला दुसरं काही मिळालं नाही का. मामांनी मेक्सिकोचे आहेत म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात त्यांचं नाव पाव्हणे पडलं.

पहिल्या वर्षी फारसं काही झालं नाही. मामा रोज सकाळी ओढ्यावर जायचे, गवतापाशी उकिडवे बसायचे. लोक विचारायचे, काय हरवलं का. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र भुंगे इतके झाले, की गवताच्या शेंड्याशेंड्याला लोंबू लागले. श्रावण निम्मा झाला तोवर ओढ्याच्या आमच्या काठाला गवताच्या नुसत्या काड्या उभ्या राहिल्या, पान एक नाही. पलीकडचा काठ तसाच हिरवागार. मामा गावातल्या माणसांना धरून धरून आणायचे आणि दोन्ही काठ दाखवायचे. तेवढा आनंद मी त्यांना नातवंडाच्या बारशालाही झालेला बघितला नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी माझा भाऊ काही कामानं अंबडला आला होता, तो घरी आला. जेवताना त्यानं दादांची हकिगत सांगितली. दादांच्या अंगाला गाजरगवत बाधलं होतं. मानेवर, कोपराच्या आत, पापण्यांवर चट्टे उठायचे. खाजवून खाजवून कातडी जाड आणि काळी पडली होती, भेगा पडून त्यातून पाणी यायचं. रात्र रात्र झोप नाही. बांधावरचं गवत ते स्वतः हातानं उपटायचे, त्यामुळे आणखी वाढलं. जालन्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, की मलमानं तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पण खरा उपाय एकच, या गवतापासून लांब राहा. आमच्या गावात या गवतापासून लांब राहायचं म्हणजे घराच्या बाहेर पडायचं नाही. आणि घरात बसणं दादांना जमण्यातलं नव्हतं.

मी भाकरी थापत होते, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मामा जेवत होते. भाऊ गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडं गवत लई हाय का?"

मी म्हटलं, गावठाणापासून गायरानापर्यंत तेच आहे.

"आन् भुंगा?"

एकही नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्या भावाला निरोप धाड. म्हणावं, इकडं गवताच्या नुसत्या काड्या राह्यल्यात. ज्याला बाधतं त्यानं इथं येऊन राहायला हरकत न्हाई."

दादांचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण मला एवढं पुष्कळ होतं.

दादा सरळ येणार नव्हतेच. आईनं त्यांना कसं तयार केलं ते तिनं नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, लेकीकडे जायला कोण सांगतंय, तुम्ही भुंगे बघायला जा. सरकारी माणूस शेत बघायला जातो तसं जा. दादा आले. भावाच्या मागं, डोक्याला उपरणं गुंडाळून, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि हातात एक पिशवी. पिशवीत ज्वारीचं पीठ, डाळ, तिखट, मीठ आणि पाण्याचा तांब्या होता. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून स्वतःचा शिधा घेऊन आले होते.

आत्याबाईंनी पिशवी हातातून घेतली, आत नेली आणि पीठ सरळ आमच्या पिठाच्या डब्यात ओतलं. मला म्हणाल्या, "आता कुणाचं कोणतं ते निवडत बसा म्हणावं." दादांना त्यांनी सांगितलं, की तुमच्याच पिठाची भाकरी आहे. ते खोटंही नव्हतं.

दादा अंगणातल्या पडवीत राहिले. मामा समोर ओसरीवर बसायचे. दोघांमध्ये माझी तुळस, आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. दादा म्हणायचे, "तुझ्या मामांना विचार, हे रात्रीचं खात्यात का दिवसा?" मामांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी मी वळून विचारायचे. मामा म्हणायचे, "तुझ्या वडलांना सांग, दिवसा. ऊन पडलं की जास्ती." मग मी इकडे वळून सांगायचे. माझा नवरा हे बघून हसत बाहेर निघून जायचा. मला स्वयंपाक सोडून पुन्हा पुन्हा बाहेर यावं लागायचं. एकदा तर हातात लाटणं घेऊनच मी उभी होते आणि दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी बोलत होते.

दादांची मान दहाबारा दिवसांत निवळायला लागली. पापण्यांची सूज उतरली. ते ओढ्यावर जायला लागले. वाळलेल्या काड्यांपासूनही लांबच उभे राहायचे, पण काठीनं एखादं कोवळं रोप वाकवून, चष्मा लावून बघायचे. दादांचं बघणं म्हणजे घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखं. मामांना भुंगे खातात याचा आनंद होता, ते कसे वाढतात याच्यात ते पडले नव्हते.

एका सकाळी मी ओढ्यावर कपडे धुवत होते. मामा वरच्या अंगाला उभे होते. दादांनी काठीनं एक पान उलटं केलं, वाकून बघितलं, आणि मान वर न करता हाक मारली, "इवाई, इकडं या."

मामा होते तिथंच थांबले. मी पिळायला घेतलेलं लुगडं तसंच हातात धरलं. दादांच्या लक्षातही आलं नव्हतं की आपण कुणाला हाक मारली. ते पुन्हा म्हणाले, "या जल्दी, हे बघा काय हाय."

मामा गेले. पानाच्या खालच्या अंगाला पिवळी-नारिंगी अंडी होती, खसखशीपेक्षा जरा मोठी. शेजारच्या शेंड्यात बारीक पिवळट अळ्या कोवळी पानं खात होत्या. दादांनी सांगितलं, की त्यांनी चार-पाच दिवस एका अळीवर नजर ठेवली होती, ती खाऊन खाऊन पांढुरकी झाली आणि खाली उतरून मातीत शिरली. म्हणजे मातीतच तिचा भुंगा होत असणार. मामा म्हणाले, "म्हंजे एकाच झाडावर सगळा संसार हाय यांचा." दोघं वाकून बघत राहिले. उन्हं वर आली तरी आले नाहीत, म्हणून आत्याबाईंनी मला बोलवायला पाठवलं.

घरी आल्यावर मामांनी आत्याबाईंना हळूच सांगितलं, "मी न्हाई बोललो. हाक त्यांनीच मारली."

त्या दिवसापासून मला स्वयंपाकाला सवड मिळाली. लग्नाचा विषयसुद्धा निघाला. मामाच म्हणाले, की माझ्या पोराच्या डोक्यावर अक्षता मला टाकायला मिळाल्या नाहीत, हे मला आजही लागतं. दादा म्हणाले, "मला वाटलं तुमी पुढंच असाल. फेट्यात समदे सारखेच दिसतात. विचारायला पायजे होतं. चुकलं माझं." मामा म्हणाले, मीही कुणाला सांगून जायला हवं होतं. आणि मग त्यांना हसू आलं. म्हणाले, साबण डोळ्यात जात होता आणि तिकडं शुभमंगल सावधान चालू होतं, मला बादलीच सापडेना. दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पंचमी जवळ आली. मला माहेरी जायचं होतं आणि दादांना परतायचं होतं. पण परतून पुन्हा त्याच गवतात जाऊन काय करणार? तेव्हा ठरलं, की भुंगे न्यायचे. अडचण एकच होती. भुंग्यांना वाटेत खायला गाजरगवतच लागणार आणि दादांनी तर गवताला हात लावायचा नाही. भाऊ त्यांना सोडून तेव्हाच परत गेला होता. मी माझ्या मुलीला सांभाळणार की डबा? शेवटी मामा म्हणाले, "मीच येतो."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "भुंग्यांसाठी."

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. आत गवताचे शेंडे, वर आत्याबाईंच्या जुन्या पातळाचा तुकडा सुतळीनं बांधलेला. मामांनी आणि मी पहाटे, भुंगे थंडीनं सुस्त असतात तेव्हा, हातांना फडकी गुंडाळून ते डब्यात झाडून घेतले. अंबडहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून पुढं आमची गाडी. डबा मामांच्या मांडीवर. दादा खिडकीला, डब्यापासून लांब, नाकाला उपरणं लावून.

जालना-भोकरदन गाडीत कंडक्टरनं डब्याकडे बघितलं आणि विचारलं, आत काय आहे. मामांनी सांगितलं, भुंगे. कंडक्टर एक पाऊल मागं सरला. तेवढ्यात रस्त्याला खड्डा आला, सुतळी ढिली झाली आणि काही भुंगे पातळाच्या कडेनं बाहेर आले. एक कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीवर बसला. पुढच्या बाकावर भोकरदनचे एक कापडाचे व्यापारी होते, पांढरी दाढी, जाळीची टोपी. त्यांच्या बाहीवर दोन चढले. बायका पदर झटकायला लागल्या.

मामा उभे राहिले आणि सगळ्या गाडीला समजावून सांगायला लागले, की हे चावत नाहीत, डसत नाहीत, पिकाला लागत नाहीत, नुसतं गाजरगवत खातात. व्यापाऱ्यांनी बाहीवरचा भुंगा बोटावर घेतला, उन्हात धरून बघितला. म्हणाले, "चाचा, इतने छोटे पेट में कितना जाएगा?"

मामा म्हणाले, "एकाचं पोट छोटं हाय. खानदान मोठं हाय."

गाडी हसली. व्यापाऱ्यांनी स्वतः बाकाखाली वाकून दोन-तीन भुंगे धरून दिले आणि म्हणाले, आमच्या कब्रस्तानातही हेच गवत माजलंय, वाढले की थोडे आमच्याकडेही द्या. कंडक्टरनं डब्याचं तिकीट घेतलं नाही.

माहेरच्या दारात मामा पोचले तेव्हा आईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं. ती इतकी गडबडली होती की आधी डब्यावरच पाणी घालणार होती. दुसऱ्या दिवशी पंचमी. पुरणाचे दिंड उकडले, लिंबाला झोका बांधला. दादांनी मामांना पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं फेटा बांधला. त्यांना चांगला बांधता येत नव्हता, तो एका कानावर घसरत होता. मामांनी तो तसाच संध्याकाळपर्यंत डोक्यावर ठेवला.

भुंगे सोडायचा दिवस आला आणि तात्या आडवे आले. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून शेत. त्या वर्षी त्यांनी सूर्यफूल पेरलं होतं आणि पीक गुडघ्याच्या वर आलं होतं. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, की हा भुंगा सूर्यफूलही खातो. ते शांत माणूस, आवाज चढवत नाहीत. दारात उभं राहून म्हणाले, "तुमचं गवत जाईल, पर माझं पीक गेलं तर मी कुणाकडं जाऊ?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी खरं ते सांगितलं. आमच्याकडे कुणी सूर्यफूल पेरत नाही, त्यामुळे मला माहीत नाही. साहेबांनी मेळाव्यात सांगितलं होतं की याला भिण्याचं कारण नाही, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही.

मला वाटलं आता संपलं. पण दादा म्हणाले, बघितलेलं नाही तर बघू. तात्यांचं बरोबर आहे. त्यांच्या पिकावर आपण नुसत्या भरवशावर काही सोडायचं नाही.

मग घरातली मच्छरदाणी निघाली. तात्यांच्या शेताच्या कडेच्या चारसहा सूर्यफुलांवर ती काठ्या रोवून ताणली, खालच्या कडेवर माती ओढली आणि आत भुंगे सोडले. गवताचं एक पान आत ठेवलं नाही. बाकीचे भुंगे डब्यात, मामांच्या देखरेखीखाली. मामा दुसऱ्या दिवशी परतणार होते, त्यांचा मुक्काम वाढला. गावातली माणसं शेताला जाता-येता मच्छरदाणीपाशी थांबायची. कुणीतरी विचारलं, सूर्यफुलाला डास चावतात का.

पहिल्या दोन दिवसांत पानांना काही भोकं पडली. बारीक, पण पडली. तात्यांनी ती बोटानं दाखवली आणि दादांच्या तोंडाकडे बघितलं. दादांनी ती नीट बघितली. भोकं आहेत, म्हणाले, नाही म्हणता येणार नाही. मामांचं तोंड उतरलं. रात्री ते जेवले नाहीत नीट. पण नंतरच्या दिवसांत भोकं वाढली नाहीत. भुंगे खाणं सोडून मच्छरदाणीच्या जाळीला जाऊन चिकटले, बाहेर पडायला वाट शोधत. दादा रोज पानं उलटी करून अंडी शोधायचे. एकही अंडं नाही.

शेवटी तात्यांनीच एक गोष्ट सुचवली. म्हणाले, आत थोडं गवत टाकून बघा. मामांनी गाजरगवताचं एक रोप मुळासकट आणून मच्छरदाणीच्या कोपऱ्यात लावलं. आम्ही सगळे बांधावर बसलो. चहा झाला, तात्यांच्या तंबाखूची चिमूट फिरली. उठून बघितलं तर सूर्यफुलावर भुंगा शोधून सापडेना. सगळे त्या एका रोपावर एकमेकांच्या अंगावर चढून खात होते.

तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उपाशी ठेवलं म्हणून खाल्लं बिचाऱ्यांनी. माझ्या सुनेनं दोडक्याची भाजी केली की मीबी तसाच खातो."

तरी त्यांनी एक अट घातली, की सोडायचे ते गायरानाच्या पलीकडच्या टोकाला, माझ्या शेतापासून लांब. दादांनी ती मानली. भुंगे त्या टोकाला सोडले. तात्या स्वतः डबा धरायला आले.

मामा परत गेले. त्या वर्षी गवतात कुठं कुठं भुंगा दिसायचा, पण गवत होतं तसंच. दिवाळीपर्यंत तर एकही उरला नाही. गावानं दादांना धारेवर धरलं. पारावर बसलेला माणूस विचारायचा, की तुमच्या इवायांची माणसं न सांगता गेली का हो. दादा सांगायचे, जमिनीत गेलेत, झोपलेत, पाऊस पडला की उठतील. ते अशा खात्रीनं सांगायचे की आईलाही काळजी वाटायची. त्यांचं अंग पुन्हा उठलं होतं. हिवाळा त्यांनी आमच्याकडे काढला, पिशवी न घेता.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी सासरी आमच्या घरी गावातल्या किराणा दुकानातून मुलगा पळत आला, की मामांना फोन आहे. तेव्हा गावात फोन तेवढाच. मामा धोतर सावरत गेले, मी मागोमाग. दादा भोकरदनला एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभे राहून बोलत होते. फोनमधून इतका मोठा आवाज येत होता की मला लांबूनही ऐकू आला.

"इवाई, आले."

"किती?"

"आता कसं सांगू किती. गायरान समदं हलून राह्यलं."

मामांनी फोन ठेवला आणि दुकानात असलेल्या सगळ्यांना चहा सांगितला. काय झालं म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाले, माझ्या इवायाकडं पाव्हणे आलेत.

गाजरगवत माझ्या माहेरच्या गावातून गेलं असं मी म्हणणार नाही. ते कधी गेलं नाही. ज्या वर्षी पाऊस ओढ देई त्या वर्षी भुंगे उशिरा निघायचे आणि तोवर गवत फुलून मोकळं व्हायचं. पण चांगल्या पावसाच्या वर्षी गायरानाला श्रावणात काड्या दिसायच्या, त्याच्या खालून गुरांना खाता येईल असं साधं गवत वर यायचं. दादांची मान पुरती साफ झाली नाही. पण त्यांना झोप लागायला लागली, आणि पहाटे उठून शेताला जाता यायला लागलं. तात्यांच्या सूर्यफुलाला काही झालं नाही. भोकरदनच्या त्या व्यापाऱ्यांना दादांनी स्वतः डबा नेऊन दिला, भाऊ गवत हाताळायला बरोबर होता. त्यांनी दादांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि माझ्या मुलीसाठी फ्रॉकचं फुलाफुलांचं कापड दिलं.

मामांना तेव्हापासून माझ्या माहेरी जायची सवय लागली. दरवर्षी श्रावणात, भुंगे कसे आहेत ते बघायला. एखाद्या वर्षी मुलीच्या शाळेमुळे मला पंचमीला जमलं नाही, तर ते एकटे जाऊन आले आणि माझ्यासाठी आईनं दिलेली साडी घेऊन आले. आत्याबाई म्हणायच्या, माहेर सुनेचं आणि पंचमीला जातो सासरा, असं मी कुठं ऐकलं नाही.

मग एका वर्षी ते संक्रांतीच्या आधीच निघाले. थंडी मी म्हणत होती, ओढ्यावर सकाळी धुकं असायचं. भुंगे त्या दिवसांत मातीखाली असतात, बघण्यासारखं काहीच नसतं. मामांनी स्वेटर घातला, मफलर गुंडाळला, डबा घेतला नाही. कशाला चाललात असं कुणी विचारलं नाही. गेल्यावर आठवडाभर तिकडेच राहिले. भाऊ नंतर सांगत होता, की ज्वारी हुरड्यात आली होती. दोघं म्हातारे सकाळपासून शेतात शेकोटीशी बसायचे, कणसं भाजायचे, तळहातावर चोळून हुरडा एकमेकांना द्यायचे आणि दुपारी तिथंच बाजेवर झोपायचे.